अहो, जरा बाजूला घ्या

सोमवार, २ मार्च

आज मला परत नोकरी लागली. कायमची नाही, कामापुरतीच, पण लागली. मध्यवस्तीत भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या स्कूटर आहेत ना, उभं राहून चालवायच्या, त्यांना आता वाचा फुटणार आहे. आणि ती वाचा माझी असणार आहे.

कंपनीची इंजिनिअर मुलगी पत्ता शोधत घरी आली. म्हणाली, "काकू, लोक स्कूटर वाटेल तिथे टाकून जातात. दुकानाच्या दारात, उतारावर, चालणाऱ्यांच्या वाटेत. पालिकेने एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिलीय. तक्रारी निम्म्याच्या खाली आल्या नाहीत तर सगळ्या स्कूटर उचलायच्या. म्हणून चुकीच्या जागी लावली की स्कूटर स्वतःच बोलेल, असं आम्ही केलंय. आवाज मात्र मला मशीनचा नकोय. लहानपणी बसस्थानकावर मी तुमचा आवाज ऐकलाय. सगळे गपचूप रांगेत उभे राहायचे."

राहायचेच. सगळी नोकरी मी त्या माईकसमोर काढली. माझ्या एका वाक्यावर अख्खा फलाट हलायचा. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला लिहू.

घरातल्या गृहस्थांना सांगितलं नाही. सांगणार कसं, आमचा अबोला आहे.

त्याचं कारण इथे अजून लिहिलेलं नाही, ते आज लिहून टाकते. माझ्या निरोप समारंभात कुणीतरी गृहस्थांच्या हाती माईक दिला. माझाच माईक. तर म्हणाले, "आता स्टँडवर शांतता आणि आमच्या घरात घोषणा." सगळं कँटीन हसलं. मीही हसले, चारचौघांत दुसरं काय करणार. घरी आले आणि ठरवलं, शांतता हवी ना, मग घ्या पोटभर. तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. त्यांना वाटलं, दोन दिवसांत उतरेल राग. इतक्या वर्षांच्या संसारात एवढंच ओळखलं मला.

गुरुवार, ५ मार्च

अबोल्यात घर चालतं कसं, असं लेक फोनवर विचारते. झकास चालतं. मी भांड्यांना सांगते, "चहा झालाय, कुणाला घ्यायचा असेल तर." गृहस्थ खिडकीला सांगतात, "विजेचं बिल भरलंय, कुणी काळजी करू नये." काल टीव्हीचा आवाज मोठा होता, तर मी सोफ्याला सांगितलं. लगेच कमी झाला.

लेक म्हणाली, "आई, हे काय लहान मुलांसारखं. बाबा बिचारे गप्प गप्प असतात."

मी म्हटलं, "माफी मागायला जीभ लागते. माईकसमोर ती चांगली वळवळली होती."

तशी माझी काही तक्रार नाही. माणूस टापटिपीचा आहे. आयुष्यभर ड्राफ्ट्समन, नकाशे काढले. दारात चपला काढतील त्याही दोन समांतर रेघा. मी मुद्दाम त्यातली एक पायाने तिरकी करून ठेवते.

सोमवार, ९ मार्च

रेकॉर्डिंग झालं. त्यातली गंमत लिहायलाच हवी.

कंपनीने वाक्य दिलं होतं: "कृपया आपले वाहन विहित जागेत उभे करून सहकार्य करावे." मी ते असं म्हटलं की एकही अक्षर सांडलं नाही. इंजिनिअर मुलीचा चेहरा मात्र पडला. म्हणाली, "काकू, सुरेख आहे, पण हे ऐकून कुणी मागे वळणार नाही. जरा आपलेपणाने म्हणा."

मग आपलेपणा सुरू झाला. "बाजूला लाव." पण लाव कुणाला म्हणायचं? पिकल्या केसांच्या डॉक्टरलाही अरेतुरे करायचं का? बरं, "कुठे निघालास" म्हणावं तर बाई असली म्हणजे? "निघालीस" म्हणावं तर बुवा असला म्हणजे? स्कूटरला काय कळणार बाई की बुवा. आपली भाषा पडली अशी, की क्रियापदाला हात लावला तरी माणूस आधी बघावा लागतो. आम्ही दोघींनी हात टेकले.

पाणी प्यायला मी खिडकीशी गेले. खाली औषधाच्या दुकानापुढच्या उतारावर एकजण स्कूटर आडवी टाकून खुशाल निघाला होता, आणि त्याच्यामागे एक बाई चाकाची खुर्ची ढकलत येत होती. माझ्या तोंडून गेलंच, "अहो, जरा बाजूला घ्या ना. माणसं जायची कुठून?"

त्याने दचकून वर पाहिलं आणि स्कूटर उचलून घेतली. मी वळले तर ही मुलगी खुर्चीवरून उठून उभी. माईक चालूच होता.

"काकू, हेच. 'अहो' बाईला चालतं, बुवाला चालतं, लहानाला, मोठ्याला. आणि घरचंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

मी जीभ चावली. हा माईकचा आवाज नाही, हा स्वयंपाकघरातला आवाज आहे. मी म्हटलं, नीट परत म्हणते. परत म्हटलं, आणखी म्हटलं, पण दरवेळी उद्घोषणाच झाली. शेवटी खिडकीतलंच वाक्य ठेवलं.

हा शब्द माझ्या तोंडून बऱ्याच महिन्यांनी गेला, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. घरात त्याचा वापर बंद आहे.

बुधवार, १ एप्रिल

आज स्कूटर बोलल्या. मी मुद्दाम जाऊन लायब्ररीच्या चौकात उभी राहिले, कारण पालिकेची समिती याच चौकावर डोळा ठेवून आहे. तिथे जमिनीवर पांढऱ्या चौकटी आखल्यात, स्कूटर त्यात लावायची.

बॅग लटकवलेल्या एकाने चौकट सोडून अर्ध्या वाटेत स्कूटर उभी केली आणि चालू लागला. मागून माझा आवाज: "अहो, जरा बाजूला घ्या ना. माणसं जायची कुठून?" तो असा गर्रकन वळला, जणू बायको इथे कुठून उगवली. मग इकडेतिकडे बघून, ओशाळं हसून, गुपचूप स्कूटर चौकटीत नेऊन लावली. कॉलेजच्या दोन मुली आधी खिदळल्या आणि मग त्यांनीही लावली. एका सूटवाल्या साहेबांनी तर चक्क स्कूटरला "सॉरी" म्हटलं.

मी कोपऱ्यावर उभी राहून एकटीच कॉफी प्यायले. कुणाला म्हणून कळू दिलं नाही, पण मान आपोआप ताठ झाली होती. इथे माझा आवाज कुणाला गाडी कुठली आणि फलाट कुठला एवढंच सांगत नव्हता. माणसाला शहाण्यासारखं वागायला लावत होता.

गृहस्थ लायब्ररीत वर्तमानपत्रं वाचायला जातात, ते आज उशिरा आले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत होते, तोंड उघडलं, मिटलं. मी कढईला विचारलं, "कुणाला काही हवंय का?" त्यांनी फ्रिजला सांगितलं, "काही नाही." दूध संपलंय का ते बघायला आले असावेत.

सोमवार, ६ एप्रिल

इंजिनिअर मुलीचा फोन. तक्रारी भराभर उतरताहेत. तिने आणखी दोन वाक्यं घेतली. फुटपाथवर चालवणाऱ्याला: "अहो, रस्ता तिकडे आहे." एकीवर दोघं चढले तर: "अहो, एका गाडीवर एकच, बरं का." दुसरं वाक्य पहिल्या झटक्यात जमलं.

मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही शहराला वळण लावताय."

मी म्हटलं, "छे गं." पण फोन ठेवल्यावर आरशात बघून आले.

गुरुवार, ९ एप्रिल

दुधात मिठाचा खडा पडला.

लायब्ररीच्या चौकात एक माणूस रोज दुपारी येतो आणि स्कूटर बरोबर चालणाऱ्यांच्या वाटेत आडवी लावतो. ती बोलते. हा हलत नाही. ती परत बोलते. हा ढिम्म उभा. स्कूटर जितक्यांदा बोलेल तितक्या चुका मोजल्या जातात, त्यामुळे या एकट्या माणसाने चौकाचा सगळा हिशोब नासवलाय. मन भरलं की स्कूटर नीट लावतो आणि जातो.

"नाव काय त्याचं?"

"नाव आम्हाला दिसत नाही, काकू, तसा नियमच आहे. ॲपवर टोपणनाव दिसतं. 'प्रवासी' असं घेतलंय."

प्रवासी म्हणे. असले प्रवासी मी बसस्थानकावर पुष्कळ पाहिलेत. ढीगभर सूचना द्या, हे आपले मख्खासारखे खांबाला टेकून उभे.

संध्याकाळी लेकीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, "बाबांना मागच्या आठवड्यात एक ॲप घालून दिलं." कसलं म्हटलं तर भलताच विषय काढला. औषधांची आठवण करून देणारं असणार. माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे?

मंगळवार, १४ एप्रिल

गृहस्थांचं काहीतरी बिनसलंय किंवा फार जमलंय, दोन्हींतलं एक. दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात. येतात ते गुणगुणत. केस डोक्याला चापून बसलेले असतात. लायब्ररीत टेबलावर डोकं टेकून झोपत असणार, वयच आहे.

आज कोपर खरचटून आले. दाराच्या कडीला सांगत होते, "जिन्यात जरा तोल गेला." मी मलम काढून टेबलावर ठेवलं आणि टेबलाला म्हटलं, "या वयात जपून चालावं माणसाने." त्यावर गृहस्थ हसले. का हसले देव जाणे.

शुक्रवार, १७ एप्रिल

आज माझा तिळपापड झालाय.

पालिकेने एक सल्लागार नेमलाय, गळ्यात कायम टाय. त्याने लिहून दिलं, की बाकी शहरात सुधारणा आहे, पण समितीच्याच चौकात हे "घरगुती वाक्य" सपशेल पडलंय. लोक ते मनावर घेत नाहीत. सबब मशीनचा आवाज बसवावा. एकोणतीसला समितीची बैठक आहे, त्यात निकाल. मशीनचा आवाज मान्य केला तर स्कूटरना आणखी मुदत मिळेल. स्कूटर राहतील, मी जाणार.

एका माणसापायी. इंजिनिअर मुलगी सांगत होती, की शेवटी तो स्कूटर लावतो ती चौकटीच्या रेघेला पट्टी धरल्यासारखी, केसाइतकीही वाकडी नाही. म्हणजे येतं सगळं. नियम माहीत असून मोडायचे, हा तर मुद्दामचा कोडगेपणा झाला. मी तिला म्हटलं, तू थांब. एवढ्या वर्षांत असल्या माणसाला मी माईकवरून सरळ केलंय, आता समोर उभी राहून करते.

काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. सुरुवात "लाज वाटत नाही का" पासून.

मंगळवार, २१ एप्रिल

दुपारी चौकात गेले. पेपरवाल्याच्या टपरीआड उभी राहिले.

तो आला. हेल्मेट घातलेलं, सावकाश, अगदी रस्त्याच्या कडेकडेने. वळताना हात दाखवला. फुटपाथ आला तसा खाली उतरला आणि स्कूटर हाताने ढकलत आणली. मला आश्चर्यच वाटलं, इतकं नीट तर कुणीच वागत नाही. मग वाटेच्या मधोमध आला, स्कूटर आडवी लावली, एक पाऊल मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"अहो, जरा बाजूला घ्या ना. माणसं जायची कुठून?"

त्याने हेल्मेट काढलं. हे होते.

मी ठरवलेलं सगळं विसरले. टपरीआडच उभी राहिले. हे स्कूटरकडे जरासे वाकले आणि म्हणाले, "घेतो गं."

ती परत म्हणाली, "अहो, जरा बाजूला घ्या ना."

"घेतो म्हटलं ना. चुकलं माझं. चारचौघांत तसं बोलायला नको होतं. घर फार शांत झालंय."

"माणसं जायची कुठून?"

"तेच तर," हे म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने वाट करून देत होते, कुणाची अडचण होऊ देत नव्हते, आणि मधे मधे स्कूटरशी बोलत होते. कोपर कसं आहे ते सांगितलं. लेकीने ॲप कसं शिकवलं ते सांगितलं. मग स्कूटर उचलून चौकटीत लावली, रेघेशी रेघ जुळवली आणि लायब्ररीत गेले.

मी घरी आले. आधी राग आला. स्कूटरची माफी मागतात. मी काय घरात नसते? हातभर अंतरावर तर असते. मग ओट्याशी उभी राहून रडले. कांदा चिरत नव्हते.

शुक्रवार, २४ एप्रिल

इंजिनिअर मुलीने विचारलं, "काकू, सापडला का?" मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलले. नाव सांगितलं तर माझं वाक्य वाचतं. पण मग भर समितीत यांचं हसं होणार. चारचौघांत हसं होणं म्हणजे काय ते मला विचारा. मी ते कुणावर आणणार नाही, आणि यांच्यावर तर नाहीच.

घरी सांगून थांबवावं म्हणाल, तर आकडे कधीच पाठवून झालेत, आता थांबून उपयोग नाही. आणि सांगायचं तर बोलावं लागेल. बोलले तर हे तिथे जायचे थांबतील. खरं लिहू? थांबू नयेत असं वाटतं. आजही गेले होते.

मी स्वतःहून बोलायचं नाही, एवढं मात्र ठरलेलं आहे. माफी माझी मागायचीय, स्कूटरची नाही.

बुधवार, २९ एप्रिल

पालिकेच्या सभागृहात बैठक झाली. लोकांनाही बसायला खुर्च्या होत्या, त्या भरलेल्या. मी पुढच्या रांगेत, इंजिनिअर मुलीशेजारी.

टायवाल्या सल्लागाराने आधी मशीनचा आवाज ऐकवला. "वाहन हलवा. वाहन हलवा." मग माझा. सगळे हसले. तो म्हणाला, "हेच मी म्हणतोय. लोक हसतात. आणि या चौकाचे आकडे आपल्यासमोर आहेत." अध्यक्षबाईंनी कागद पाहिले आणि आमच्याकडे बघून विचारलं, "यावर काही म्हणायचंय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. मनात म्हटलं, जाऊ दे. महिनाभर का होईना, शहराला वळण लावलं. तेवढं पुष्कळ झालं.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी बोलू का?"

मी वळले नाही. वळायची गरज नव्हती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण कोण?"

"त्या चौकातला तो माणूस. 'प्रवासी' म्हणून नोंद आहे, ती माझी. बैठकीची सूचना ॲपवर आली, म्हणून आलो."

कुणीतरी त्यांना माईक नेऊन दिला. तो पाहून मला ते कँटीन आठवलं.

हे म्हणाले, "वाक्यात काही खोट नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याकडे स्कूटरही नव्हती, तरी मी बाजूला झालो. नियम मला सगळे पाठ आहेत. फुटपाथवर चालवत नाही, वळताना हात दाखवतो, दुसऱ्याला चढू देत नाही. लावताना तेवढी मुद्दाम आडवी लावायचो. ते आकडे माझे एकट्याचे आहेत, वाक्याचे नाहीत. ते वजा करा."

"पण मुद्दाम का?"

"हा आवाज माझ्या बायकोचा आहे," हे म्हणाले. "घरी ऐकायला मिळत नव्हता."

कुणीतरी फिसकन हसलं. यांनी माईक सोडला नाही. "चूक माझी होती. मागे अशाच माईकवर, अशाच भरल्या सभेत, मी तिच्या आवाजाची चेष्टा केली. तेव्हा सगळे हसले होते. म्हणून आज माईकवरच सांगतो. त्या आवाजाशिवाय मला करमत नाही. मी माफी मागतो." मग माईक परत दिला आणि बसले.

मी मान वर केली. डोळे भरले होते, पुसले नाहीत. मला कुणाची चोरी होती?

सल्लागार टायशी खेळत बसला. अध्यक्षबाईंनी त्या चौकातून एका माणसाचे आकडे वजा करायला सांगितले. उरले ते निम्म्याच्या पुष्कळ खाली. स्कूटर राहिल्या आणि आवाजही राहिला. मग त्या यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. नियमाप्रमाणे महिनाभर तुम्हाला स्कूटर मिळणार नाही."

"मान्य आहे," हे म्हणाले, अगदी अभिमानाने.

इंजिनिअर मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तिला म्हटलं, "ते माझे मिस्टर." जणू तिला अजून कळलंच नव्हतं.

बाहेर हे पायऱ्यांवर उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हेल्मेटचा पट्टा सैल लावता तुम्ही. हनुवटीखाली लोंबत होता. कोपरावर निभावलं ते नशीब समजा."

मग आम्ही चालत निघालो आणि मी जे बोलायला लागले ते बोलायला लागले. ते कँटीन, खिडकीतलं वाक्य, स्कूटरला सॉरी म्हणणारा साहेब, लेकीची लबाडी, टायवाल्याचा चेहरा, मलम कुठे ठेवलंय, सगळं. हे नुसते ऐकत चालले होते. घराच्या वळणाशी माझं मलाच वाटलं, फार होतंय, आणि मी थांबले.

हे म्हणाले, "थांबलीस का? चालू दे."